शपथ आणि प्रवेश अर्ज
बंगळुरातल्या केरळी ऑर्थोडॉक्स घरातल्या मुलीने सेंट जोसेफ्स या शिक्षणसंस्थेत प्रवेशाचा अर्ज भरला, की आजीच्या कपाळाला आठी पडली तर नवल नाही. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीत तिच्या पूर्वजांनी शपथ घेतली होती, रोमच्या जेझुइट पाद्र्यांचं यापुढे ऐकणार नाही. क्रुसाला बांधलेले दोर हाती धरून, असं सांगतात. आणि १८८२ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी काढलेलं सेंट जोसेफ्स १९३७पासून जेझुइटांच्याच हाती! शहरातलं दुसरं, क्राइस्ट विद्यापीठ, चालवणारे पाद्री तर त्याच सीरियन ख्रिस्ती भाऊबंदकीतले, फक्त रोमकडे राहिलेल्या फांदीचे. (भाऊबंदकी म्हटलं की आपल्याला वेगळं सांगायला नको.) तिथे शिकून मुलगी कॅथलिकच होईल, ही भीती मला फुगवलेली वाटते; या संस्थांच्या वर्गांत हिंदू-मुसलमान मुलंही शिकतात, ती कुठे बाटतात? खरा पेच कम्युनियनचा, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीचा. ऑर्थोडॉक्स माणसाने स्वतःहून मागितलं तर कॅथलिक कायदा ते देऊ देतो, त्याच्या स्वतःच्या चर्चला मात्र ते चालत नाही. तेवढं पथ्य मुलीने पाळावं, रविवारी आपल्या चर्चला जावं. शपथ जेझुइटांच्या हुकमतीविरुद्ध होती, प्रयोगशाळेविरुद्ध नव्हे. तेव्हा आजी, अर्जावर सही होऊ द्या.