सुटकेआधीच नंबर चालू हवा

तुरुंगातून सुटलेल्या माणसासाठी बाहेरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता. सर्वाधिक बळी अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे होते. कोठडीत नशा सुटली की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन जुन्याच मात्रेत घेतली की ती जीव घेते.

आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. कच्च्या कैद्याची सुटका आधी ठरलेली नसते. जामिनाचा आदेश येतो आणि माणूस बाहेर पडतो; क्षयाचा सहा महिन्यांचा औषधोपचार किंवा मनोविकाराच्या गोळ्या तिथेच तुटतात. गोळ्यांची आठवण, तपासणीची तारीख, ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, हे सारे मोबाइलवर सहज पोहोचू शकते. अडचण अशी की अनेकांचा फोन मुद्देमाल म्हणून जप्त असतो आणि न वापरलेले सिम बंद पडलेले असते. म्हणून नुसते ॲप काढून भागणार नाही. तुरुंगाच्या दवाखान्याने रुग्णाची नोंद आधीच घराजवळच्या आरोग्य केंद्राकडे द्यावी, सुटताना चालू सिम हाती ठेवावे आणि केंद्रातल्या कार्यकर्तीने दोन दिवसांत स्वतः फोन करावा.

यातून पाळत ठेवली जाईल, ही भीती रास्त आहे. त्यामुळे नोंद रुग्णाच्या संमतीनेच व्हावी आणि ती आरोग्य खात्याकडेच राहावी, पोलिस ठाण्याकडे जाऊ नये. घरात एकच फोन चौघे वापरतात, तेव्हा संदेशात आजाराचे नावही नसावे. गुन्हेगारांवर हा खर्च कशाला, असेही विचारले जाईल. पण यांतल्या बहुतेकांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, आणि ज्यांचा झाला त्यांना न्यायालयाने कैद सुनावली होती, आजारपण नव्हे. शिवाय अर्धवट सोडलेला क्षय घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही गाठतो.

राज्याच्या गृह आणि आरोग्य खात्यांनी आर्थर रोड, येरवडा आणि तळोजा येथून सुरुवात करावी. चालू नंबर आणि पहिल्या तपासणीची तारीख हाती दिल्याशिवाय एकही क्षयरुग्ण फाटकाबाहेर पडू नये.