‘जपानी शिस्त’ आणि ३४४ चेंडू

थ्रेड. दर काही महिन्यांनी टोकियोच्या कोराकुएन मैदानावरचा एक बेसबॉल सामना कोणाला तरी नव्याने ‘सापडतो’ आणि त्याखाली जपानी शिस्तीचे गोडवे सुरू होतात. पदवीच्या वर्षांत मीही ते गायले आहेत; तेव्हा हे थोडे प्रायश्चित्तही समजा.

आधी घडले ते पाहू. २४ मे १९४२. तायो विरुद्ध नागोया. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. बरोबरी राहिल्यास डाव वाढत जातात. नवव्या डावात तायो ४-२ असा पुढे होता आणि नागोयाचे दोन गडी बाद झाले होते. तेवढ्यात फुरुकावा सेइझो याच्या होमरनने दोन धावा आल्या आणि बरोबरी झाली. पुढच्या १९ डावांत दोन्ही संघांना मिळून एकही धाव काढता आली नाही. २८ डावांनंतर अंधार पडला आणि खेळ ४-४ वरच थांबला. तायोचा पिचर नोगुची जिरो याने ३४४ चेंडू टाकले, नागोयाच्या निशिझावा मिचिओने ३११. शेवटपर्यंत दोघांपैकी एकालाही बदलले गेले नाही.

याचे कारण म्हणे सामुराई रक्त! मग १ मे १९२० रोजी बोस्टनला काय झाले होते? ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बोस्टनचा जो ओश्गर या दोघांनीही सलग २६ डाव पिचिंग केले आणि सामना १-१ असा अनिर्णित राहिला. त्यावरून अमेरिकी रक्ताचा सिद्धान्त कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. एकच कृती तिथे विक्रम ठरते आणि इथे राष्ट्रीय स्वभाव, ही इतिहासाची पद्धत नव्हे.

खरे उत्तर त्या हंगामाच्या आकड्यांत आहे, आणि ते मुळीच रोमांचक नाही. १९४२च्या हंगामात प्रत्येक संघाचे १०५ सामने झाले. नोगुचीने त्या वर्षी ५२७ डाव टाकले, म्हणजे अठ्ठावन्नहून अधिक पूर्ण सामन्यांइतके काम! संघाच्या निम्म्याहून जास्त पिचिंगचा भार एका हातावर होता. तो अपवाद होता असेही नाही. असाही संघाच्या हायाशी यासुओने त्याच हंगामात ५४१ डाव टाकले. युद्धापूर्वीही चांगल्या पिचरला असेच राबवून घेत, हे मान्य. पण आता सैन्यभरतीने संघ आणखी पोखरले जात होते. जपानचा सर्वांत गाजलेला पिचर सावामुरा एइजी त्या मे महिन्यात सैन्यात होता. आधीच्या लष्करी सेवेत हातबॉम्ब फेकून त्याचा खांदा बिघडलेला. डिसेंबर १९४४मध्ये त्याचे जहाज बुडवले गेले आणि तो मेला.

नोगुची आणि निशिझावा यांचे कसब मी नाकारत नाही. ३११ चेंडू टाकणारा निशिझावा युद्धानंतर फलंदाज झाला आणि १९५०मध्ये त्याने ४६ होमरन मारले. माणूस विलक्षणच होता. माझा आक्षेप त्यांच्या श्रमाला ‘शिस्त’ म्हणण्यावर आहे. युद्धखोर राजवटीलाही त्या थकव्याला हेच नाव दिलेले आवडले असते.

नागोयाच्या त्याच संघात इशिमारू शिनिची नावाचा आणखी एक पिचर होता. ऑक्टोबर १९४३मध्ये त्याने एक सामना असा टाकला की प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळाली नाही. ११ मे १९४५ रोजी नौदलाच्या आत्मघाती विमानपथकातून तो उडाला आणि परतला नाही. त्या वर्षी लीगची स्पर्धाच झाली नाही.