दोषदुरुस्तीला हंगामाचे भान हवे

कीड सर्वेक्षणाच्या नोंदी आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर होतात. ही सोय निर्विवाद आहे. मात्र ॲपमधील एखादा दोष दूर होण्यास कधी कधी अख्खा हंगाम जातो. या विलंबाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्यावे. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रति सापळा सरासरी ८ नर पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत, अशी शिफारस आहे. शिवारात रेंज नसल्यास नोंद फोनमध्येच साठते. पुढे ती पाठवताना ॲपने निरीक्षणाच्या तारखेऐवजी पाठवल्याची तारीख लावली, तर तीन रात्रींच्या नोंदी एकाच दिवसाच्या ठरतात आणि धोक्याची पातळी ओलांडल्याचे लक्षातच येत नाही. दरम्यान, अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीत बोंडात शिरते. तेथे फवारणी पोहोचत नाही.

विलंबाची काही कारणे खरी आहेत. फोन अनेक प्रकारचे असतात, जुन्या फोनना अँड्रॉइडचे अपडेट मिळणे बंद होते आणि ‘ॲप चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून दोष सापडत नाही. परंतु तारखेचा दोष ॲपचाच असतो. तेथे ही सबब चालणार नाही. गूगलचा सुरक्षा-संशोधन गट ‘प्रोजेक्ट झीरो’ दोष दुरुस्त करण्यास कंपन्यांना साधारणतः ९० दिवसांची मुदत देतो. अनुकूल हवामानात एवढ्या काळात बोंडअळीच्या सुमारे तीन पिढ्या पूर्ण होऊ शकतात. म्हणून कृषी ॲपच्या दुरुस्तीची मुदत किडीच्या जीवनक्रमावरून ठरली पाहिजे.

सल्ल्यावर परिणाम करणारे दोष काही दिवसांत दूर करण्याची अट ॲपच्या करारातच असावी. पेरणीपूर्वी जुन्या फोनवर, रेंज नसलेल्या शिवारात ॲपची चाचणी व्हावी. विस्तार कर्मचाऱ्यांनीही तक्रारीत फोनचे मॉडेल, ॲपची आवृत्ती, तारीख आणि स्क्रीनशॉट द्यावा.

तोपर्यंत सापळ्यांची नोंदवही बंद करू नये. वहीतील आकडे धोक्याची पातळी दाखवत असतील, तर ॲपच्या इशाऱ्याची वाट न पाहता शेतकऱ्याला त्याच दिवशी सल्ला द्यावा.