नाक चिमटीत धरा, बडीशेप खा!

बालमित्रांनो, सर्दी झाली की आईची आमटी बेचव लागते ना? आमटी तीच असते, गंमत असते नाकाची!

नाक चिमटीत धरून बडीशेप आणि साखर चावा. नुसतं गोड लागेल. आता नाक सोडा. आला की नाही बडीशेपेचा स्वाद?

मेंदूपासून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या असतात. पहिली जोडी वासाचा निरोप मेंदूला पोचवते. चवीचा निरोप नेतात सातवी, नववी आणि दहावी. सर्दीत वास पहिल्या जोडीपर्यंत पोचतच नाही.

म्हणूनच नाक चोंदलं की गळणाऱ्या गॅसचा, नासलेल्या दुधाचा वासही कळत नाही. वास येत नसेल तर घरी लगेच सांगा. आणि हो, आमटीला नावं ठेवू नका!