पडलेला मावळा

दिवाळी आली की आपल्या नाशकात दारोदारी मुलांचे किल्ले उभे राहतात. दगड, गोणपाट, चिखल, वर पेरलेले हळीव. पण बघावं तिथे रायगड, नाहीतर प्रतापगड! अहो, साल्हेर आपल्याच जिल्ह्यातला, बागलाणातला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोगलांची मोठी फौज हरवली, तीही उघड्या मैदानात, समोरासमोर.

यंदा माझ्या लेकीनं तीच लढाई मांडली. किल्ला लहान, मैदान मोठं. एक मावळा तिनं मुद्दाम आडवा ठेवला. ते सूर्याजी काकडे, याच लढाईत पडले. तर येणारा-जाणारा त्याला उचलून उभा करायचा. "अगं, पडलाय बघ!" शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "सणासुदीला कशाला गं असलं?"

मला मात्र लेकीचंच पटलं. बाजारातले मावळे सगळे तलवार उपसून उभे. जणू लढाईत कुणी मेलंच नाही! त्यांच्या घरीही कुणी वाट बघत बसलं असेलच ना? मैत्रिणींनो, तुमच्या अंगणातही एखादा आडवा असू द्या. मी तर चार दिवस येता-जाता तेच करत होते, उभा केलेला मावळा परत आडवा.