हरभऱ्याला युरिया टाकला की मुळांवरच्या गाठी का कमी होतात?

जळगाव-धुळे म्हटलं की केळी आणि कापूस आठवतो. पण खरिपात मूग-उडीद आणि रब्बीत हरभरा हीसुद्धा खान्देशातली नेहमीची पिकं. या पिकांना हवेतला नत्र मिळतो तो मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियम गटातल्या जिवाणूंकडून. बदल्यात झाड त्यांना साखर देतं.

पण जिवाणूला आत घ्यायचं कसं? झाडासाठी तो आधी परकाच. बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, ते जाणवलं की झाड बचाव सुरू करतं. आणि रायझोबियम जो रासायनिक निरोप धाडतो, त्याचा सांगाडाही कायटिनसारखाच, फक्त त्याला मेदाम्लाची शेपटी. म्हणजे चोराची आणि पाहुण्याची चिठ्ठी जवळपास एकाच लिपीत! मुळांच्या पेशींवरचे रिसेप्टर हा फरक ओळखतात, तेव्हाच गाठ तयार होते.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की बचावाच्या रिसेप्टरमध्ये फक्त दोन अमिनो आम्लं बदलली तर तो गाठीचा संदेश देऊ लागतो. बार्लीच्या रिसेप्टरवरही हे जमलं. पण म्हणून 'आता गव्हाला युरिया नको' असं काही झालेलं नाही. बार्लीच्या झाडाला अजून गाठी आलेल्या नाहीत.

आपल्या शेतातला प्रश्न साधा आहे. मातीत नायट्रेट भरपूर असलं की झाड गाठी बांधणं स्वतःच आवरतं घेतं. नत्र आयता मिळत असताना जिवाणूंवर साखर कशाला खर्च करायची? हरभऱ्याला पेरणीवेळी हेक्टरी साधारण 25 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे युरियाची एक गोणी आणि वर थोडा. तो फक्त गाठी कामाला लागेपर्यंतची शिदोरी. पण 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, त्यामुळे कापसासारखा पुन्हा हात सैल सुटतो.

दुसरी चूक बीजप्रक्रियेत होते. आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. मग बियाणं सावलीत सुकवायचं. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. पाकीटही पिकानुसार वेगळं, सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही.

खात्री करायची तर फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मातीसकट अलगद काढा. गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर नत्राचं काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.