पडणाऱ्या वाड्यांच्या काचा

साताऱ्यात जुना वाडा पाडायला घेतला की सागवानाचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. खांब, तुळया, दारे, पार बिजागऱ्यांपर्यंत सगळ्याला भाव येतो. दारावरच्या कमानीतल्या लाल, निळ्या, हिरव्या काचांना मात्र कुणी विचारत नाही. चौकट उचकटताना त्या फुटतात आणि राडारोड्याच्या ट्रॅक्टरमध्ये पडतात. वाईत, मिरजेत, सांगलीच्या गावभागात हेच चालले आहे.

घरी रंगीत काचेची तावदाने करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे थांबवले पाहिजे. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. काचेची किंमत कळलेला हा मुलूख आहे. इथल्या कमानींतली काच आपल्या डोळ्यांदेखत मातीत जावी, हे सहन होत नाही.

पण आधी एक अट. वाडा उभा असेल आणि त्यात माणसे राहत असतील, तर कमानीला हात लावू नका. मालक विकायला तयार असला तरीही. त्याला लांबी भरून द्या, फुटलेल्या जागी तुकडा बसवून द्या. पाडकाम ठरलेच असेल, तर मुकादमाला आदल्या दिवशी गाठा. काच फटीतून उचकटू नका, पट्ट्या काढून सोडवा.

जुनी लाल काच कापताना अनेकांचा हात फसतो. निळी काच बहुधा आरपार निळी असते. लाल काचेत मात्र पुष्कळदा साध्या काचेवर लाल रंगाचा पातळ थर असतो. कड उजेडात धरा. लाल रेघ एकाच बाजूला दिसली तर कटर बिनरंगाच्या बाजूने चालवा. चाकाला थेंबभर रॉकेल लावा, रेघ एकदाच मारा. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा चाक फिरवले तर काच भलतीकडे तडकते आणि कटरचे चाकही बोथट होते. आधी कडेच्या फुटक्या तुकड्यावर सराव करा. त्या घरातल्यासारखी लाल काच पुन्हा मिळायची नाही.

काचा जोडताना लागणाऱ्या शिशाबद्दल मात्र कठोर बोलावेसे वाटते. आपल्यातले किती जण स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाख देतात! साठ-चाळीसचा डाख १८३ अंशाला वितळू लागतो. त्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य; नाकात जातो तो फ्लक्सचा धूर. त्यासाठी खिडकी उघडी हवी, पंखा धूर बाहेर ढकलणारा हवा. शिसे पोटात जाते ते हातांवरून, आणि शिशाच्या पट्ट्या घासताना उडणाऱ्या भुकटीतून. जुन्या चौकटीच्या रंगातही ते असू शकते. म्हणून वेगळे टेबल, कामाचे वेगळे कपडे, कोरडा झाडू नाही, ओले फडके. हात धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलू नका. लहान मुले आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोतच.

आणि काच सोडवण्याआधी कमानीचा फोटो काढा, तुकड्यांना क्रमांक द्या. नवे तावदान झाले की गल्लीचे नाव, कमानीची जागा आणि वाडा पडल्याचे साल त्याच्या चौकटीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.